मूळ प्रतिमा जपा, मग भाषेचे बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत संशोधक विद्यार्थ्यांसाठी शोधनिबंध कसा लिहावा, यावर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. वाक्ये लहान ठेवा, सारांशात फापटपसारा नको, इंग्रजी जाणकाराकडून तपासून घ्या, हा सगळा सल्ला रास्तच आहे. पण मी ज्या क्षेत्रात काम करते त्या पेशीजीवशास्त्रात निबंध अडतो तो बहुतेक वेळा भाषेपाशी नाही. तो अडतो चित्रांपाशी, मोजणीपाशी आणि ‘हे तुम्ही नेमके कसे केले?’ या प्रश्नापाशी. त्या बाजूने कोणीतरी लिहायला हवे, असे वाटले म्हणून हे पत्र.

मी प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक सांभाळते. पेशींना फ्लुओरेसन्ट, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारे, रंग लावून विद्यार्थी काचा घेऊन येतात, मी त्यांना यंत्र लावून देते, प्रतिमा घ्यायला शिकवते, आणि वर्ष-दोन वर्षांनी तीच मुले निबंध पाठवायच्या आदल्या आठवड्यात परत माझ्याकडे येतात. त्या वेळी हातात मूळ फाइल क्वचितच असते. असते ती पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर चिकटवलेली, कापलेली, जेपेग झालेली प्रतिमा. एक मुलगी अशीच आली होती. काम अतिशय चांगले, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचे जाळे कसे तुटत जाते ते तिने सुंदर टिपले होते. मी विचारले, “अगं, यातली मोजपट्टी कुठे आहे?” ती म्हणाली, “मॅडम, ती नंतर टाकते. कोणत्या लेन्सने काढला होता तेवढे सांगाल का?” ते आता मी कसे सांगणार? मोजपट्टी, म्हणजे चित्रातली लांबी सांगणारी रेघ, आखायला लागणारी ती माहिती मूळ फाइलच्या पोटात असते. पिक्सेल किती मायक्रोमीटरचा, लेन्स कोणती, प्रकाश किती वेळ दिला, सगळे यंत्र आपोआप लिहून ठेवते. जेपेग करून स्लाइडवर चिकटवले की त्यातले बहुतेक गळून जाते. सुदैवाने विभागाच्या सर्व्हरवर तिच्या मूळ फाइल होत्या, म्हणून निभावले.

माझे म्हणणे एवढेच आहे की पेशीजीवशास्त्रातला निबंध शेवटच्या महिन्यात संगणकावर तयार होत नाही, तो पहिली काच यंत्राखाली जाते त्या दिवसापासून तयार होऊ लागतो. तेव्हा काय जपले आणि काय लिहून ठेवले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

या विषयात चित्राला एवढे महत्त्व का, हे वाचकांना सांगायला हवे. इथे चित्र सजावटीला नसते, ते स्वतःच पुरावा असते. 1945 मध्ये कीथ पोर्टर, अल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अख्ख्या पेशीचे पहिले चित्र प्रसिद्ध केले आणि एक नवीन शास्त्र उभे राहिले. अशी छायाचित्रे नीट छापणारे नियतकालिक हवे, या गरजेतूनच 1955 मध्ये ज्याला आज ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ म्हणतात ते सुरू झाले. हे नाव त्याला 1962 पासून मिळाले. चित्र कसे मिळवले यावर वाद होऊ शकतो हेही या शास्त्राला जुने आहे. कामिल्लो गॉल्जी यांनी 1898 मध्ये पेशीतल्या ज्या जाळीदार रचनेचे वर्णन केले, ती खरी आहे की रंगवण्याच्या पद्धतीतून निर्माण झालेला आभास आहे, यावर निम्मे शतक वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर 1950च्या दशकात तो मिटला. म्हणून पेशी कशी स्थिर केली, कोणता रंग लावला, किती वेळ, हे लिहिणे म्हणजे औपचारिकता पाळणे नव्हे. वाचणारा तेवढ्यावरच ठरवतो की दिसते आहे ते पेशीत आहे की काचेवर.

‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने 2002 पासून स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधातली चित्रे छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. तेव्हा जे आढळले ते मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. साधारण 25 टक्के निबंधांत निदान एक तरी चित्र नियमांत न बसणाऱ्या रीतीने बदललेले होते. पण मुद्दाम केलेली फसवणूक निघाली ती सुमारे 1 टक्का निबंधांत. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. इतके सारे लोक लबाड नव्हते. त्यांना नियम माहीत नव्हता, किंवा चित्र ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून त्यांनी हात फिरवला होता. ज्यांच्याकडे मूळ फाइल होती त्यांना चित्र पुन्हा करून देता येते. ज्यांच्याकडे ती नसते, त्यांचा खरेपणा सिद्ध करायला काहीच उरत नाही.

पुढे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 ते 2014 या काळातल्या, 40 नियतकालिकांतल्या 20,621 निबंधांची चित्रे डोळ्यांनी तपासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. 3.8 टक्के निबंधांत शंकास्पद चित्रे होती, म्हणजे तेच चित्र दोन ठिकाणी, कुठे फिरवून, कुठे सरकवून. छापून झाल्यावर निघालेली चूक पुसता येत नाही. विद्यार्थी दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो आणि त्याच्या जुन्या निबंधावर प्रश्न येतो. त्याला तेव्हा उपयोगी पडते ती फक्त नीट नाव देऊन ठेवलेली मूळ फाइल.

चित्राचे काय करावे आणि काय करू नये, याचा मूळ नियम साधा आहे. उजळपणा आणि काँट्रास्ट बदलायचा तर संपूर्ण चित्राचा बदला, आणि ज्याच्याशी तुलना करायची त्या कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींच्या, चित्राचाही तेवढाच बदला. चित्रातली एखादीच गोष्ट उठावदार करायची नाही, झाकायची नाही, हलवायची नाही, काढायची नाही, नवीन आणायची नाही. गॅमासारखा, म्हणजे अंधुक आणि उजळ भाग सारख्या प्रमाणात न बदलणारा, बदल केला असेल तर चित्राखाली तसे लिहायचे. प्रथिने आकारानुसार वेगळी करायच्या दोन वेगळ्या जेलमधले पट्टे शेजारी ठेवायचे तर मध्ये स्पष्ट रेघ ओढायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे एका वेळी धावलेले नाहीत. पार्श्वभूमीवरचा धुळीचा ठिपका पुसणेसुद्धा नको. ठिपका राहू दे. ठिपका असलेले चित्र खरे असते आणि परीक्षकाला ते कळते.

यंत्रावर बसतानाच एक गोष्ट सांभाळावी लागते. 8 बिटच्या प्रतिमेत करड्या रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 12 बिटमध्ये 4,096. प्रकाश फार दिला की सर्वांत वरच्या पायरीवर पिक्सेल साचतात, चित्र झगझगीत दिसते आणि त्यातले मोजमाप मात्र गेलेले असते. नंतर कितीही अंधुक केले तरी ते परत येत नाही. मुलांना झगझगीत चित्र आवडते. मी त्यांना कोणत्या पायरीवर किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा यंत्रावरचा आलेख दाखवते आणि प्रकाश कमी करायला लावते. ती थोडी नाराज होतात, पण मी तिथे मागे हटत नाही.

रंगांविषयीही असेच. लाल आणि हिरवे एकमेकांवर ठेवून मध्ये पिवळे दाखवायची सवय फार जुनी आहे. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक आपल्यातही आहेत, परीक्षकांतही आहेत. किरमिजी (मॅजेंटा) आणि हिरवा ही जोडी त्यांनाही दिसते. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक रंगाचे चित्र वेगळे, काळ्या-पांढऱ्यात द्यावे. आपला डोळा करड्या छटा जास्त बारकाईने ओळखतो. आणि पिवळे दिसले म्हणजे दोन प्रथिने एकमेकांना चिकटली, असा निष्कर्ष तर काढूच नये. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरच्या आतले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि प्रथिन काही नॅनोमीटरचे असते. त्या 200 नॅनोमीटरमध्ये पुष्कळ प्रथिने एकमेकांना न शिवता राहू शकतात. निबंधात ‘एकाच भागात दिसतात’ असे लिहावे आणि चिकटण्याचा पुरावा वेगळ्या प्रयोगाने द्यावा.

आता मोजणी. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे, कारण ही चूक चित्रात दिसत नाही.

समजा, प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी केला आणि दर वेळी शंभर पेशी मोजल्या. निबंधात किती नमुने लिहायचे, तीन की तीनशे? पुष्कळ मुले तीनशे लिहितात. तीनशे धरले की संख्याशास्त्राची चाचणी लगेच खूश होते, पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता मोजणारा आकडा) शून्याच्या जवळ जाते, आलेखावर तारे चढतात. पण एकाच डिशमधल्या शंभर पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांना तेच माध्यम मिळाले, तोच इन्क्युबेटर, त्याच हाताने घातलेले तेच औषध. त्या दिवशी काही बिघडले असेल तर ते शंभराही जणींसाठी बिघडले. स्वतंत्र अशा गोष्टी तीनच घडल्या. म्हणून प्रत्येक दिवसाची सरासरी काढायची आणि त्या तीन सरासऱ्यांची तुलना करायची. 2020 मध्ये सॅम्युएल लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सुपरप्लॉट’ नावाची आलेखाची रीत सुचवली, ती मी सगळ्यांना करायला लावते. प्रत्येक पेशीचा एक लहान ठिपका, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग, आणि त्यावर त्या दिवसाच्या सरासरीचा मोठा ठिपका. एका नजरेत कळते की परिणाम तिन्ही दिवशी दिसला की एकाच दिवसाने सगळ्यांना ओढून नेले.

आलेखावर एरर बार, म्हणजे आकड्यातली अनिश्चितता दाखवणारी उभी रेघ, काढला तर तो कशाचा, हे लिहावेच लागते. स्टँडर्ड डेव्हिएशन पेशी आपसात किती वेगळ्या आहेत ते सांगते, स्टँडर्ड एरर सरासरी किती अचूक कळली ते सांगतो, आणि लहान दिसतो म्हणून हा दुसरा निवडणे योग्य नाही. मोजणाऱ्याला कोणती काच औषधाची आणि कोणती कंट्रोलची हे माहीत नसावे. त्यासाठी महागडे काही लागत नाही, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने फाइलींची नावे बदलून दिली तरी पुरते. तसे केले असेल तर निबंधात लिहा. केले नसेल तर तेही लिहा.

‘प्रातिनिधिक चित्र’ म्हणून जे छापायचे त्याची निवडही अशीच प्रामाणिक हवी. आलेखात सरासरी जिथे आहे, त्याच्या जवळपासची पेशी चित्रात घ्यावी. सर्वांत टोकाची, सर्वांत देखणी पेशी घ्यायचा मोह होतो, मलाही ती बघायला आवडते. पण ती भिंतीवर लावावी, निबंधात नको.

पेशी कोणत्या, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायची गरज वाटत नाही, कारण बाटलीवर नाव लिहिलेले असते. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कर्करुग्ण महिलेच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की इतर पेशींच्या बाटलीत थोड्या शिरल्या तरी काही दिवसांत त्यांचेच राज्य होते. 1960च्या दशकात आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या 18 सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेले पेशींचे वाण, प्रत्यक्षात हेलाच असाव्यात. कोणी वर्षानुवर्षे एका अवयवाचा अभ्यास करत होते आणि बाटलीत दुसऱ्याच पेशी होत्या! आज डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवणारी एसटीआर चाचणी आहे, चुकीच्या ठरलेल्या सेल लाइनची यादी सर्वांना पाहता येते. पेशी कुठून आणल्या, ओळख केव्हा तपासली, मायकोप्लाझ्माची (पेशींच्या बाटलीत नकळत वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी केली का, हे ‘पद्धती’ या भागात एका ओळीत मावते. ती ओळ लिहायची तर चाचणी प्रयोग सुरू व्हायच्या आधी झालेली हवी.

ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या अँटिबॉडीचेही तसेच. कंपनीचे नाव लिहून भागत नाही. कॅटलॉग क्रमांक, क्लोन, किती पातळ करून वापरली, आणि ज्या प्रथिनासाठी आहे ते पेशीतून काढून टाकल्यावर तिची खूण नाहीशी होते का, हे सांगावे लागते. सूक्ष्मदर्शकाबद्दल लेन्सचे न्यूमरिकल अपर्चर (लेन्स किती प्रकाश गोळा करते त्याचे माप), तापमान, पेशी कोणत्या माध्यमात होत्या, कॅमेरा, सॉफ्टवेअर हे सगळे द्यायचे असते. ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ असे लिहून जुन्या निबंधाकडे बोट दाखवायचे, मग त्या निबंधाने आणखी जुन्याकडे, असे करत करत वाचणारा शेवटी कुठेच पोचत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेतली एखादी मुलगी तुमचा प्रयोग करून पाहणार आहे. ती तुम्हाला फोन करू शकणार नाही असे धरून लिहा.

लिहायचा क्रम मी असा सुचवते. आधी सगळी चित्रे आणि आलेख कागदावर छापून मोठ्या टेबलावर मांडा. कोणत्या चित्रामागून कोणते यायला हवे ते ठरेपर्यंत एक शब्दही लिहू नका. मधले एखादे चित्र नाहीच, हे इथे लक्षात येते, आणि तेव्हा पुन्हा प्रयोग करायला वेळ असतो. मग चित्राखालचा मजकूर, मग निष्कर्ष, पद्धती तर प्रयोग करतानाच लिहिलेली असावी. प्रस्तावना त्यानंतर. सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी, कारण आपण नेमके काय दाखवले ते तोवर आपल्यालाच पुरते कळलेले नसते. शीर्षकात ‘नियंत्रित करते’ लिहायचे की ‘संबंध आढळतो’, हे टेबलावरची चित्रे ठरवतात. मार्गदर्शकाचा उत्साह कितीही असला तरी. कव्हर लेटर, संदर्भांची मांडणी, नियतकालिकाचा साचा यांवर फार जीव टाकू नये, तो भाग दोन दिवसांत होतो.

हल्ली भाषा सुधारायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतात. किती घेतली ते नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे सांगून टाकावे. असे साधन लेखक ठरू शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, हे प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेनेही 2023 मध्ये स्पष्ट केले. पेशीच्या प्रतिमेला मात्र असा हात लावूच नये. जे पेशीत नव्हते ते चित्रात आणणारे साधन पुराव्याच्या जवळपास नको.

आणि लेखकांच्या यादीबद्दल थोडे. ज्याने प्रतिमा घेतली, जिने मोजणीचा प्रोग्राम लिहिला, त्यांची नावे कुठे येणार हे निबंध पाठवायच्या रात्री ठरवू नका. कोणी काय केले ते नोंदवण्यासाठी 14 भूमिकांची ‘क्रेडिट’ नावाची पद्धत आहे, ती बरीच नियतकालिके वापरतात. त्या 14 भूमिकांचा कागद सुरुवातीलाच समोर ठेवून बोलले तर पुढची कटुता टळते. मी पाहिलेली मैत्रीतली सर्वांत वाईट भांडणे विज्ञानावरून झालेली नाहीत, नावांच्या क्रमावरून झाली आहेत.

परीक्षकांचे अभिप्राय आले की मुले खचतात. त्यांना मी सांगते की अभिप्राय वाचा, एक दिवस बाजूला ठेवा, आणि मग प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्या, बदल कुठल्या ओळीत केला तेही लिहा. ‘मूळ प्रतिमा पाठवा’ असे कोणी मागितले तर त्यात अविश्वास शोधू नका. काही नियतकालिके आता ब्लॉटचे (जेलमधल्या प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या पटलाचे) न कापलेले मूळ चित्रही निबंधासोबत छापतात, आणि मला ते फार योग्य वाटते.

संपादक महोदय, आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. याच मालिकेत पुढचा एक लेख प्रतिमा आणि मोजणी या विषयाला द्यावा, आणि तो रोज यंत्रावर बसणाऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्यावा. दुसरी विनंती आपल्याच पानांबद्दल आहे. विज्ञानाच्या बातमीसोबत आपण पेशींची रंगीत चित्रे छापता, वाचकांना ती आवडतात, आम्हालाही आनंद होतो. त्या चित्राखाली मोजपट्टी तशीच राहू द्यावी, ती कापू नये, आणि रंग संगणकावर दिलेले असतील तर तसे एका ओळीत लिहावे. मूळ निबंधात ही माहिती चित्राच्या खालीच दिलेली असते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक विभाग सांभाळणारी एक तंत्रज्ञ